‘अन्याय’ एवढं लिहा

शाळेच्या स्मरणिकेसाठी एका शिक्षकावर चार पानं लिहून द्या, असं हेडमास्तरांचं पत्र आलंय. खाली बारीक अक्षरात सूचना: मजकूर प्रेरणादायी असावा, वादग्रस्त काही नको. आता याकोब मास्तरांवर लिहायचं आणि वादग्रस्त नको म्हणजे ठेचा कर पण मिरची घालू नको म्हटल्यासारखं झालं. हे ते छापणार नाहीत. न छापोत. मी रिटायर झालोय, आता माझी बदली कुणी करू शकत नाही. बदलीचं पुढं येईलच.

गाव येडशीहून तेरकडं जाताना लागतं. नाव लिहीत नाही, कारण गावातल्या प्रत्येकाला ते कळणारच आहे आणि बाहेरच्यांना कळून उपयोग नाही. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आणि मास्तर बारा वर्षं एकत्र होतो. उंच, काळेसावळे, खांदे जरा पुढं आलेले. सदऱ्याच्या खिशात तीन पेन्सिली, पेन नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “मला खोडायला लई लागतं, गुरुजी.”

गावात ख्रिस्ती घरं नऊ. मास्तरांच्या आजोबांच्या काळात या लोकांनी धर्म बदलला, पण गावानं त्यांच्यासाठी काही बदललं नाही. त्यांची घरं गावाबाहेर होती तिथंच राहिली. हॉटेलात त्यांची कपबशी वेगळी होती ती मी नोकरीला लागलो तेव्हाही वेगळीच होती, आणि मी त्याच हॉटेलात बसून चहा पीत होतो. याकोब हे बायबलातलं नाव आहे हे कुणाला ठाऊक! गाव त्यांना याकूब मास्तर म्हणायचं. ईदच्या दिवशी रस्त्यात लोक गळाभेट घ्यायचे. मास्तर खुशाल घ्यायचे. “मी मुसलमान न्हाय असं सांगितलं तर बिचारा खजील होतोय. मग शिरखुर्मा बी जातोय,” असं वर आम्हालाच सांगायचे.

तरुणपणी ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायला म्हणून शिकायला गेले होते. बायबलाचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिलेला, म्हणून तिथं त्यांना ग्रीक शिकवलं. पाळक न होताच परत आले. कारण विचारलं की एकच उत्तर, “प्रश्न लई होते माझ्याकडं.” मग डी.एड. केलं, शिक्षक झाले. ग्रीक मात्र सोडलं नाही. एखाद्याला तंबाखूचं असतं तसं त्यांना त्या भाषेचं होतं. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की व्हरांड्यात बसून ते जाडजूड ग्रीक पुस्तक आणि मराठी बायबल शेजारी-शेजारी उघडायचे आणि पेन्सिल चालवायचे.

एकदा मी सहज विचारलं, काय खोडताय एवढं? झालं. सुट्टी संपली, घंटा झाली, वर्गात पोरं कालवा करायला लागली, तरी ह्यांचं चालूच. पाटीवर त्यांनी तो शब्द मला मराठी अक्षरांत लिहून दाखवला: आदिकिया.

“दिके म्हणजे न्याय. ज्याचं त्याला मिळणं. आणि पुढं ‘आ’ लागला की ते नाही. आपल्या अन्यायासारखंच की हो! कुठं ग्रीस, कुठं येडशी!”

बसस्टँडवर अचानक मामा भेटावा तसे खूश झाले होते. मग एकदम तोंड कडू करून म्हणाले, “एवढा आपल्यासारखा शब्द. पण मराठीत आणताना एका जागी अनीती केलाय, एका जागी अधर्म, एका जागी दुष्टपणा. व्हय, शब्द मोठा आहे. खोटेपणा, वाईट वागणं, सगळं बसतंय त्यात. मी काय अडाणी न्हाय. पण अनीती म्हटलं की मंडळी दारुड्याकडं बोट दाखवतात. अधर्म म्हटलं की दुसऱ्याच्या देवाकडं. अन्याय म्हटलं तर विचारावं लागतंय, कुणी केला आणि कुणावर केला. ते विचारायला लागू नये म्हणून माणसं बाकीचे शब्द वापरतात.”

सोलापूरकडून एक पाळकसाहेब आले होते प्रार्थनेला. त्यांनी मास्तरांचं बायबल उघडलं आणि भडकलेच. पानापानावर खोडलेलं, बाजूला बारीक अक्षरात अन्याय, अन्याय, अन्याय. “देवाच्या शब्दावर पेन्सिल चालवता?” मास्तर नम्रपणे म्हणाले, “साहेब, शब्द देवाचा, त्याचं मराठी केलं माणसानं. माणसाचं खोडता येतंय.” पाळकसाहेब परत आले नाहीत.

बरं, हे पुस्तकातच ठेवलं असतं तर माणूस विद्वान म्हणून खपला असता. पण ह्यांचं तसं नव्हतं. तिसरीतल्या दोन मुली एकदा वर्गात भांडल्या, एकीचं पुस्तक फाटलं. मी दोघींना एकेक छडी दिली आणि विषय संपवला. सगळेच शिक्षक असंच करतात. मधल्या सुट्टीत मास्तर आले.

“गुरुजी, एकीला उगंच मारलंत.”

“मग काय करू? तासभर साक्षीपुरावे घेत बसू?”

“बसा की. दोघींना सारखं मारणं हा न्याय न्हाय, हा आळस आहे.”

मला इतका राग आला की दोन दिवस बोललो नाही. तोवर त्यांनी चौकशी करून छडा लावला होता की पुस्तक ओढणारी एक होती आणि दुसरीनं नुसतं धरून ठेवलं होतं. मला म्हणाले, त्या दुसरीची माफी मागा. मी मागितली नाही. शिक्षकानं तिसरीतल्या पोरीची माफी मागायची? ती मुलगी आता धाराशिवला नर्स आहे. भेटली की वाकून नमस्कार करते. मी दुसरीकडं बघतो.

असा माणूस घरात सोसायचा म्हणजे सोपं नाही. त्यांच्या बायको रूथबाई म्हणायच्या, “ह्यांच्याशी भांडायचं म्हंजी आदी साक्षीदार गोळा करावे लागतेत. त्यापरीस म्या भांडतच न्हाय.” बाई हसतमुख. कावीळ होऊन गेल्या. तेव्हा मी मातीला गेलो होतो. ख्रिस्ती लोकांची दफनाची जागा गावाच्या पश्चिमेला, गणपतअण्णांच्या शेताला लागून. गणपतअण्णा गावातले मोठे बागायतदार. त्यांच्याच आजोबांनी ती जागा तोंडी दिलेली, कागद नाही. त्या थडग्यांवर नावंबिवं काही नव्हती. तेवढी कुणाची ऐपत? प्रत्येक थडग्यावर एक मोठा दगड, शेतातला किंवा ओढ्यातला, इतकंच. कुठला दगड कुणाचा हे ज्याचं त्याला पाठ. रूथबाईंचा दगड मास्तरांनी ओढ्यातून स्वतः खांद्यावर वाहून आणला. काळा, एका बाजूनं सपाट. दर रविवारी प्रार्थना झाली की तिथं जाऊन अर्धा तास बसायचे.

आमच्याकडं बांध कोरणं हा प्रकार शेतकऱ्यांना नव्यानं सांगायला नको. नांगरताना दरवर्षी शेजाऱ्याच्या बांधातलं वीतभर आपल्याकडं ओढायचं. दहा वर्षांत बांध सरकतो आणि कुणी बोललं तर वीतभर जागेसाठी भांडतोय म्हणून तोच हलका ठरतो. अण्णांनी त्या जागेचा बांध असाच कोरत आणला होता. एका उन्हाळ्यात मात्र त्यांनी द्राक्षबाग लावायची म्हणून सगळं रान सपाट करायला काढलं. दगड वेचायला बाहेरगावच्या बायका रोजानं आणल्या. त्या बायकांना काय माहीत? रानातला दगड तो दगड. त्यांनी थडग्यांवरचे दगडही वेचले आणि बांधावर ढीग घातला. पाठोपाठ ट्रॅक्टर फिरला.

मास्तर तेव्हा रिटायर झालेले, पण दुपारच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात यायचेच. त्या सोमवारी आले, बसले, पुस्तक उघडलं नाही. म्हणाले, “गुरुजी, रूथ सापडंना.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हणालो, “चहा सांगू का?” असा मी.

गावाला त्या वर्षी तंटामुक्त गाव ठरून वेशीवर तशी कमान उभी करायची होती. गावातली भांडणं गावातच मिटवायची, कोर्टकचेरी करायची नाही, म्हणून प्रत्येक गावात तंटामुक्ती समिती असते. आमच्याकडची रीत अशी: मारुतीच्या देवळात दोन्ही बाजू बसवायच्या, रजिस्टरात समझोता लिहायचा, सह्या घ्यायच्या, एकमेकांना हार घालायला लावायचे, पेढा भरवायचा आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. बायकोला मारणारा नवरा आणि सुजलेल्या तोंडाची बायको एकमेकांना पेढा भरवताहेत असे फोटो मी पाहिलेत. समितीचे अध्यक्ष आबा म्हणजे गणपतअण्णांचे व्याही. आणि रजिस्टर लिहायला मी. माझं अक्षर चांगलं.

देवळात सगळे जमले. नऊ घरांतली माणसं पायरीजवळ बसलेली. अण्णा रीतसर हात जोडून बोलले.

“मास्तर, चुकून झालं. बाया बाहेरच्या, त्यास्नी काय ठावं? मी ओढ्याकडंची जागा देतो. ह्याच्या दुप्पट. तारेचं कुंपण घालून देतो. गाडी जाईल असा रस्ता करून देतो. आनि काय पायजे?”

देऊळभर वा वा झालं. खोटं कशाला बोलू, देणं चांगलंच होतं. जुन्या जागेला वाट नव्हती, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून मयत न्यावी लागायची. मास्तरांचा मुलगा शमुवेल, येडशीला मोबाईल रिपेअरचं दुकान आहे त्याचं, तो तर मान हलवून मोकळा झाला होता.

मास्तर उठले. “जागा चांगली आहे. आमी घेऊ. फक्त रजिस्टरात लिहा, गणपतअण्णांनी आमच्यावर अन्याय केला. तेवढं लिहा, मी सही करतो. मला पोलीस नको, कोर्ट नको, अण्णांनी माझ्या पाया पडायला नको. ‘अन्याय’ एवढं लिहा.”

 आबा म्हणाले, “अवो, चूक झाली म्हनायलेत की ते.”

“चुकीला त्या ग्रीक भाषेत दुसरा शब्द आहे आबा. नेम धरला एकीकडं आणि गेला दुसरीकडं, ती चूक. अण्णा रूथच्या मातीला आलते. बाभळीखाली उभं राहून मूठभर माती त्यांनी बी टाकली. बायांना ठावं नव्हतं, अण्णांना ठावं होतं.”

“मास्तर, हितं मराठीत बोला!” मागून कुणीतरी ओरडलं. देवळात हशा पिकला. मीही हसलो. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अण्णा मात्र हसले नव्हते. हळू आवाजात म्हणाले, “जमीन घ्या. कुंपन घ्या. पर ह्यो शबुद न्हाय लिवायचा. पोराच्या सोयरिकी यायलेत माझ्या. कागदावर चढलं की जिंदगीभर ऱ्हातंय.”

“म्हणूनच कागदावर मागायलोय,” मास्तर म्हणाले.

“तंटा मिटवायचा का वाढवायचा तुमाला?” आबा चिडले.

“तंटा दोघांचा असतोय. आमी कुठं भांडलो? आमची तर माणसं जमिनीखाली होती.” मग ते माझ्याकडं वळले. “गुरुजी, लिहायचं तुमच्या हातात आहे.”

खरोखरच माझ्या हातात होतं. रजिस्टर माझ्या मांडीवर, पेन माझ्या बोटांत. लिहून टाकलं असतं तर फार तर आबांनी पान फाडलं असतं. मी लिहिलं: गैरसमजातून उद्भवलेला वाद सामोपचाराने मिटला असून कोणावरही अन्याय झालेला नाही.

आता नीट ऐका. आबांनी मला गैरसमज एवढंच लिहायला सांगितलं होतं. दुसरा अर्धा भाग मी माझ्या मनानं जोडला. माझी बदली परंड्याला निघालेली होती आणि ती रद्द करण्याइतकी ओळख अण्णांची होती. मी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, अण्णांकडं बघत. त्यांनी ऐकलं, मान हलवली. बदली रद्द झाली. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

आठ घरांनी सह्या केल्या. मास्तर चपला घालून निघून गेले.

पण तिथं संपलं नाही. मास्तर ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे, त्यांची सही नसली तर समझोता पुरा होत नाही, असं आबांनी ठरवलं आणि सही होईपर्यंत नवी जागा द्यायची नाही असं अण्णांनी. दोन वर्षं गेली. जुन्या जागेवर द्राक्षाचे वेल चढले. दरम्यान ख्रिस्ती वस्तीत दोघं वारले. त्यांना टेम्पोत घालून धाराशिवला न्यावं लागलं, दफनासाठी. दुसऱ्या वेळी टेम्पो भर उन्हात बंद पडला आणि तास-दीड तास मयत रस्त्यात. तेव्हापासून वस्तीतले लोकच मास्तरांवर फिरले. एका शब्दापायी सगळ्यांना वेठीला धरलं म्हणायला लागले. शमुवेलनं बापाशी बोलणं टाकलं. अण्णांना कुणीच काही म्हणत नव्हतं. अण्णा तर द्यायला तयारच होते ना!

त्या दिवसांत मास्तर एकदा माझ्या घरी आले. कधी न येणारा माणूस. खुर्चीच्या टोकावर बसले.

“गुरुजी, मी चुकतोय का?”

“सोडून द्या मास्तर. झालं गेलं. तुमच्या धर्मातच आहे की क्षमा करा म्हणून.”

“करायला तयार आहे हो. आजच्या आज करतो. पण काय माफ करू ते तरी सांगा. काही झालंच न्हाय म्हणता, रजिस्टरात तसं लिहिलंय. न झालेलं कसं माफ करायचं?”

मी आत चहा टाकायला सांगितलं. ते वाक्य कुणी लिहिलं हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्याबद्दल त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. चहा न पिताच गेले.

पुढच्याच थंडीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सिव्हिलमधून घरी आणलं तेव्हा डोळे तेवढे जिवंत होते, सगळं कळत होतं. पंधरवड्यात वारले. ओढ्याकडच्या नव्या जागेतलं पहिलं थडगं त्यांचंच. तारेचं कुंपण, मुरमाचा रस्ता, सगळं कबूल केल्याप्रमाणे. अण्णांनी हार घातला आणि मास्तर म्हणजे गावाचं भूषण, असं भाषण केलं. स्मरणिकेत त्या हाराचा फोटो येणार आहे असं ऐकतो.

जागा त्यांना मिळाली कशी, ते सांगतो आणि थांबतो.

मास्तरांना घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी आबा माझ्याकडं आले. म्हणाले, रजिस्टर घ्या आणि शाईचा पॅड घ्या. मी घेतला. का घेतला, विचारू नका. गेलो तर मास्तर खाटेवर उताणे. शमुवेल उशाशी. पोरगं रडून सुजलेलं, त्याला तरी काय बोलू? बाप आज जातो का उद्या आणि पुरायला जागा नाही, अशी गत होती त्याची.

“अप्पा, तुमालाच टेम्पोत घालून नेऊ का आता?” तो म्हणाला. “करा की हो सही. माझ्यासाठी करा.”

सही कुठली करणार? उजवा हात पांघरुणावर पडलेला. शमुवेलनं डावा हात उचलला तर मास्तरांनी मूठ आवळली. डाव्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. शमुवेल एकेक बोट सोडवायला लागला. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं.  शेवटी अंगठा मोकळा झाला. मी पॅड पुढं धरला. ग्रीक वाचणाऱ्या माणसाचा अंगठा त्याच्या पोटच्या पोरानं माझ्या हातातल्या शाईत बुडवला आणि माझ्या अक्षरातल्या त्या वाक्याखाली दाबला.

“मिटलं एकदाचं,” आबा म्हणाले आणि बाहेर जाऊन अण्णांना फोन लावला.

शमुवेल खाटेच्या काठावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. मास्तरांनी तोच डावा हात कसाबसा उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. केसांना शाई लागली. हात बराच वेळ तिथंच होता.

मी रजिस्टर मिटलं. जायच्या आधी पाया पडावं म्हणून खाटेच्या पायथ्याशी वाकलो. उजवा पाय होता तिथंच होता. हलत होता तो डावा पाय त्यांनी पांघरुणात ओढून घेतला.